स्पेनच्या मार्केटमध्ये खायला-खरेदीला जाताय? वार, वेळ, रांग आणि क्रम आधी समजून घ्या

स्पेनला जाऊन आलेल्यांना तिथल्या मार्केटबद्दल विचारलं की साधारण दोनच उत्तरं येतात. एक, "अहो, बंदच होतं." दुसरं, "गर्दी फार, सगळं महाग, ज्यूस पिऊन बाहेर पडलो." दोन्ही उत्तरांमागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, वार चुकला किंवा वेळ चुकली, आणि आत शिरल्यावर सगळं उलट्या क्रमाने झालं. दारातच पोट भरलं, मग चीज घेऊन ते उन्हात फिरवलं, आणि मासळीच्या गल्लीत पोचेपर्यंत ओटे धुणं सुरू. म्हणून इथे फक्त काय, कधी आणि कशाच्या नंतर करायचं तेवढंच लिहितोय, इमारती किती सुंदर आहेत ते तुम्हाला गेल्यावर दिसेलच.

टप्पा १: कुठलं मार्केट कशासाठी, ते आधी ठरवा

सगळ्यांच्या नावात "मेर्कादो" असतं आणि तिथेच घोळ होतो. कॅटलोनिया आणि व्हॅलेन्सियाच्या बाजूला ते "मेर्कात" होतं, तेवढाच फरक. पण प्रकार वेगवेगळे आहेत.

पहिला प्रकार म्हणजे वस्तीतलं रोजचं मार्केट, जिथे आजूबाजूचे लोक चाकांची पिशवी ओढत भाजी, मासे, मटण घ्यायला येतात. व्हॅलेन्सियाचं सेंत्राल, बिल्बाओचं नदीकाठचं ला रिबेरा, मालागाचं अतारासानास, सेव्हिलचं त्रियाना, कादिझचं सेंत्राल, सांतियागो दे कोम्पोस्तेलाचं आबास्तोस, माद्रिदची मारावियास आणि आंतोन मार्तिन, बार्सेलोनाची सांता कातेरिना आणि सांत आंतोनी ही सगळी यात येतात. यातल्या बऱ्याच ठिकाणी आतच छोटे बारही असतात, म्हणजे खरेदी आणि खाणं दोन्ही होतं.

दुसरा प्रकार नुसता खाण्यापिण्याचा. माद्रिदच्या प्लासा मायोरला लागून असलेलं सान मिगेल हे त्याचं ठळक उदाहरण. तिथे रोज रात्री उशिरापर्यंत गजबज असते, छोट्या प्लेट्स आणि ग्लास घेऊन लोक उभे असतात, पण तिथे अर्धा किलो टोमॅटो घ्यायला जाऊ नका. एका संध्याकाळी एखाद-दोन घास खायला ठीक आहे, जेवण मात्र तिथे करू नये असं माझं मत, खिसा फार पटकन हलका होतो.

तिसरा प्रकार मधला, बार्सेलोनाची ला बोकेरिया. ती खरी मंडई आहे, अजूनही स्थानिक लोक आणि हॉटेलवाले तिथे खरेदी करतात, पण रांब्ला रस्त्याच्या बाजूने शिरलात की पहिल्या काही ओळी टुरिस्टांसाठी सजवलेल्या दिसतात, कापलेल्या फळांचे कप, रंगीत ज्यूस, कोनात भरलेला हामोन (डुकराच्या तंगडीचं खारवून सुकवलेलं मांस). मध्यभागी मासळीचं गोल रिंगण आहे, तिथपर्यंत सरळ चालत जा आणि मग बाहेरच्या बाजूला या. उलट करू नका.

सावधान: माद्रिदचा रविवारचा "एल रास्त्रो" हा जुन्या-नव्या वस्तूंचा रस्त्यावरचा बाजार आहे, खाण्याच्या मालाचा नाही. तसंच "मेर्कादियो" म्हणजे आठवड्याचा बाजार, फळं-भाजी मिळेल पण अर्ध्याहून जास्त जागा कपडे आणि चपलांची असते.

टप्पा २: वार आणि घड्याळ

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हा भाग घाईत वाचू नका.

रविवारी रोजची मार्केटं बंद. बोकेरियासुद्धा बंद. आपल्याकडे रविवारी सकाळी मासे-मटण आणायला जाण्याची सवय असते, ती सवय तिथे विमानतळावरच सोडून यायची.

सोमवारी मार्केट उघडं असतं पण मासळी बघू नका. रविवारी बहुतेक बोटी समुद्रात जात नाहीत आणि बंदरातले लिलाव होत नाहीत, त्यामुळे सोमवारी मासळीचे बरेच गाळे बंदच असतात, आणि जे उघडे असतात त्यांच्याकडे शनिवारचा किंवा मत्स्यशेतीचा माल जास्त. सोमवारी फळं, चीज, मसाले घ्या.

मंगळवार ते शुक्रवार सगळ्यात चांगलं. शनिवारी सकाळी माल भरपूर पण गर्दीही भरपूर, स्पॅनिश कुटुंबं आठवड्याची खरेदी तेव्हाच करतात, त्यात तुम्ही भाषा न येता उभे राहिलात तर दुकानदारालाही त्रास आणि तुम्हालाही.

वेळेचं म्हणाल तर व्हॅलेन्सियाचं सेंत्राल सकाळी ७:३० ला उघडतं आणि दुपारी ३ ला संपतं. संपतं म्हणजे खरंच संपतं, अडीचलाच आवराआवर सुरू होते. दक्षिणेकडची बरीच मार्केटंही दुपारीच मिटतात. माद्रिदच्या वस्तीतल्या मार्केटांत बरेच गाळे दोन पाळ्यांत चालतात, सकाळी ९ च्या सुमारास ते २, मग ५ नंतर पुन्हा संध्याकाळपर्यंत, आणि शनिवारी फक्त सकाळची पाळी. बोकेरिया मात्र सोमवार ते शनिवार रात्री ८:३० पर्यंत सलग, पण संध्याकाळी तिथेही मासळीचे गाळे रिकामे झालेले असतात.

मला विचाराल तर साडेनऊला आत शिरा. त्याआधी गेलात तर गाळे मांडत असतात, अकरानंतर टूरच्या टोळ्या येतात.

ऑगस्टमध्ये अजून एक भानगड असते. अर्धं शहर सुट्टीवर जातं आणि गाळेवालेही जातात, शटरवर "बाकासिओनेस" लिहिलेला कागद चिकटवलेला दिसेल. मोठ्या मार्केटांत काही ना काही उघडं असतं, वस्तीतल्या छोट्या मार्केटात मात्र ओळच्या ओळ बंद असू शकते.

चेक: तारीख सुट्टीची तर नाही ना? १ आणि ६ जानेवारी, गुड फ्रायडे, १ मे, १५ ऑगस्ट, १२ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर, ६ आणि ८ डिसेंबर, २५ डिसेंबर या देशभरच्या सुट्ट्या. वर प्रत्येक शहराच्या आपल्या वेगळ्या, माद्रिदला १५ मे, बार्सेलोनाला २४ सप्टेंबर, व्हॅलेन्सियाला १९ मार्च. दारावर "सेरादो", "तांकात" किंवा बिल्बाओकडे "इचिता" दिसलं तर तिन्हीचा अर्थ एकच, बंद.

टप्पा ३: निघण्याआधीची तयारी

पहिला प्रश्न, तुमच्याकडे किचन आहे का. अपार्टमेंट घेतलं असेल तर मासे, शेंगा, मटण सगळं घेता येतं. हॉटेलवर असाल तर कच्च्या मालाच्या नादी लागू नका, ब्रेड, चीज, टोमॅटो, ऑलिव्ह, फळं एवढ्यावरच एक जेवण आरामात होतं. किचन नसताना दोन किलो शिंपल्यांसमोर उभं राहून हळहळण्यात काही अर्थ नाही.

सोबत काय न्यायचं: घडी घालून ठेवता येईल अशी मजबूत पिशवी (२०१८ पासून स्पेनमध्ये प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगला पैसे पडतात), झाकण घट्ट लागेल असा एक डबा, पेपर नॅपकिन, उन्हाळा असेल तर छोटी थंड राहणारी बॅग. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण दोन पीच आणि मूठभर चेरीसाठी कार्ड पुढे केलं की काही गाळेवाले तोंड वाकडं करतात, म्हणून २०-३० युरो सुट्टे ठेवा, ५ आणि १० च्या नोटा आणि नाणी. ५० ची नोट सकाळी सकाळी काढू नका.

भारतीय कार्ड वापरताना मशीनवर "युरो की रुपये" असं विचारलं तर युरोच दाबा. रुपये दाबलंत की मशीनवाल्याचा दर लागतो आणि तो जवळजवळ नेहमी आपल्या तोट्याचा असतो.

सीझन डोक्यात असला की दुकानदाराशी बोलणं सोपं होतं. हिवाळ्यात संत्री, आर्टिचोक, कॅटलोनियात काल्सोत नावाचे लांब कांदे, आणि आल्मेरियाचा राफ टोमॅटो, दिसायला वेडावाकडा आणि हिरवट, चवीला मस्त. वसंतात कोवळे मटार, बाकला आणि लोकाट. मे-जूनपासून एक्स्त्रेमादुराच्या खेर्ते खोऱ्यातल्या चेरी. उन्हाळ्यात पीच, कलिंगड, अंजीर, पाद्रोनच्या छोट्या हिरव्या मिरच्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात मालागाच्या आसपास पिकलेला आंबा मिळतो, हापूसची अपेक्षा ठेवू नका पण तिथलाच आहे आणि झाडावर पिकलेला घेतलात तर बरा लागतो. शरदात रानटी मशरूम, आणि मग ग्रानादाच्या किनाऱ्यावरचं चिरिमोया, आपल्या सीताफळाचाच भाऊबंद, बिया मात्र कमी आणि गर जास्त गुळगुळीत.

टप्पा ४: पहिली फेरी रिकाम्या हाताने

आत शिरल्यावर काहीही घ्यायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं नुसतं फिरा, हे सांगूनही लोक ऐकत नाहीत आणि पहिल्याच गाळ्यावर थांबतात.

या फेरीत तीन गोष्टी बघायच्या. एक, कुठल्या गाळ्यासमोर चाकांच्या पिशव्या घेतलेल्या आज्या उभ्या आहेत. त्यांच्या मागे उभं राहणं हाच सगळ्यात भरवशाचा रिव्ह्यू. दोन, भाव. एकाच जातीच्या टोमॅटोचा भाव दोन गाळ्यांत दुप्पट असू शकतो आणि कधी कधी तो योग्यही असतो, कारण जात किंवा गाव वेगळं असतं. तीन, पाटीवरचं मूळ ठिकाण. फळं-भाजीच्या पाटीवर देश लिहिणं बंधनकारक आहे, त्यामुळे उन्हाळ्यात संत्र्यांवर दक्षिण आफ्रिका दिसलं तर व्हॅलेन्सियाची संत्री खाल्ली म्हणून फोटो टाकू नका.

पाट्या वाचताना दोन खाचखळगे आहेत. हाताने लिहिलेल्या एकच्या आकड्याला वर लांब शेंडी असते, तो आपल्याला सातासारखा दिसतो, आणि खऱ्या सातच्या पोटातून आडवी रेघ असते. दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम. आणि हामोन किंवा महागड्या चीजचा भाव पुष्कळदा १०० ग्रॅमचा लिहिलेला असतो, किलोचा नाही. "अरे स्वस्त आहे" म्हणून अर्धा किलो सांगितलं की बिल बघून घाम फुटतो.

सावधान: बोकेरियात आणि रांब्लावर पाकीटमार आहेत. फोन मागच्या खिशात नको, बॅग पुढे. मासळीचा फोटो काढताना दोन्ही हात वर आणि लक्ष खेकड्यावर, त्यांना हवी असते ती हीच वेळ.

टप्पा ५: रांग, जी दिसत नाही

गाळ्यासमोर पाच-सहा लोक विखुरलेले उभे असतात, कोणी ओळीत नाही, आपल्याला वाटतं कोणीही पुढे जाऊ शकतं. तसं नसतं. प्रत्येकाला आपला नंबर माहीत असतो. आल्या आल्या मोठ्याने विचारायचं, "किएन एस एल उल्तिमो?" म्हणजे शेवटचं कोण. कोणीतरी हात वर करेल किंवा "यो" म्हणेल. आता तुमचा नंबर त्या माणसानंतर, आणि तुमच्यानंतर कोणी येऊन विचारलं तर तुम्ही हात वर करायचा. काही ठिकाणी "किएन दा ला बेस?" असंही विचारतात, काम तेच.

मासळी, मटण, हामोनच्या गाळ्यांवर कधी कधी नंबराचं मशीन असतं, कागदी चिठ्ठी ओढून घ्यायची. ते मशीन खांबाला किंवा काउंटरच्या कोपऱ्यात लपलेलं असतं. आधी ते शोधा, नाही दिसलं तर मग विचारा. भारतीय टुरिस्ट वीस मिनिटं हसतमुखाने उभे आणि लोक पुढून घेऊन जातायत, असं दृश्य दिसलं की समजायचं, चिठ्ठी घेतली नाहीये.

टप्पा ६: हात लावायचा नाही, मागायचं

आपल्याकडे भेंडीचं टोक मोडून बघणं, टोमॅटो दाबणं, वाटाण्याची शेंग फोडून तोंडात टाकणं हे सगळं चालतं. तिथे नाही. गाळ्यावरच्या फळाला हात लावलात तर दुकानदार ओरडेल, आणि "नो तोकार" अशी पाटीही असते बऱ्याचदा. तुम्ही बोट दाखवायचं, तो निवडतो. यात फसवणूक होईल ही भीती सोडा. चांगला गाळेवाला उलट तुम्हालाच विचारतो, "पारा ओई ओ पारा मान्याना?" आज खायचंय की उद्या. खरबूज, आवोकादो, चिरिमोयाच्या बाबतीत या उत्तरावर सगळं अवलंबून असतं, नीट सांगा.

घासाघीस करू नका. भाव लिहिलेला असतो तोच. फार तर बरंच सामान घेतलंत तर तो स्वतःहून कोथिंबिरीच्या चुलत बहिणीची, म्हणजे पार्स्लीची, काडी टाकेल पिशवीत.

वजनाचे शब्द पाठ करा, हे खरंच लागतात. "सिएन ग्रामोस" शंभर ग्रॅम. "कुआर्तो" पाव किलो. "मेदिओ किलो" अर्धा. आणि एक नेहमी गोंधळात टाकणारं, "कुआर्तो इ मिताद", ऐकून पाऊण किलो वाटतं पण ते पाव किलो अधिक त्याचं अर्ध, म्हणजे ३७५ ग्रॅम. दोघांसाठी मासे घ्यायला हे माप छान बसतं.

"आल्गो मास?" म्हणजे अजून काही. संपलं असेल तर "नादा मास, ग्रासियास". नुसतं मान हलवू नका, आपली ती गोल मान त्यांना कळत नाही.

टप्पा ७: खरेदीचा क्रम

क्रम असा: कोरडा माल, मग बारवर खाणं, मग फळं-भाजी, मग चीज आणि हामोन, सगळ्यात शेवटी मासळी. मासळी चांगली लवकर संपते हे खरं, म्हणून हवी असेल तर सकाळीच निवडा, पैसे द्या आणि नंतर घेऊन जातो असं सांगून बघा, बरेच जण बर्फात ठेवतात.

*मसाले.* केशर काड्यांचंच घ्या, पूड नको. ला मान्चाचं मानांकन असलेलं केशर सीलबंद डबीत आणि नंबर असलेल्या लेबलसकट येतं. पिवळ्या पाकिटात "कोलोरांते" लिहिलेलं असेल तर तो पाएया या भाताच्या पदार्थात घालायचा खाण्याचा रंग आहे, केशर नाही, स्वस्त मिळालं म्हणून दहा पाकिटं आणणारे खूप आहेत. पिमेंतोन म्हणजे लाल मिरचीची पूड, त्यातलं दे ला वेरा ओकच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेलं असतं. तीन प्रकार, दुल्से, आग्रिदुल्से आणि पिकांते. दुल्से म्हणजे गोड नव्हे, फक्त तिखट नसलेलं, आणि पिकांतेसुद्धा आपल्या लवंगीपुढे काहीच नाही. धुराच्या वासासाठी घ्यायचं, तिखटपणासाठी नव्हे. बटाट्याच्या काचऱ्यांवर भुरभुरून बघा.

*ऑलिव्ह आणि लोणच्यांचा गाळा.* इथे थोडं थोडं पाच प्रकारचं घ्या, शंभर-शंभर ग्रॅम. गोर्दाल मोठी आणि मांसल, मान्सानिया छोटी. व्हेज लोकांनो, पोटात काहीतरी भरलेल्या ऑलिव्हमध्ये पुष्कळदा आन्चोआ, म्हणजे खारवलेला मासा असतो, बाहेरून कळत नाही. "सिन आन्चोआ?" विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका.

*चीज.* "पुएदो प्रोबार?" म्हटलं की बहुतेक जण चवीला तुकडा देतात. मान्चेगो मेंढीच्या दुधाचं, सेमिकुरादो मऊसर, कुरादो कडक आणि तीव्र. पहिल्यांदा खात असाल तर सेमिकुरादो. बास्क बाजूला इदियासाबाल, तेही मेंढीचं आणि बहुधा धुरावलेलं, गॅलिसियात गायीच्या दुधाचं मऊ तेतिया, आस्तुरियासचं काब्रालेस निळ्या बुरशीचं आणि जबरी वासाचं. बरीचशी चीज जनावराच्या जठरातल्या रेनेटने (दूध जमवणाऱ्या विरजणासारख्या पदार्थाने) लावलेली असतात, ते चालत नसेल तर तोर्ता देल कासार किंवा ला सेरेना मागा, ती काटेरी रानफुलाच्या केसरांनी लावतात. वरचं साल कापून आत चमचा घालून खायचं. "कुआहो बेहेताल", म्हणजे वनस्पतीचं रेनेट, हे दोन शब्द लिहून ठेवा.

*हामोन.* डुक्कर खात नसाल तर हा परिच्छेद सोडा. खाणाऱ्यांसाठी, इबेरिको आणि सेरानो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सेरानो पांढऱ्या डुकराचा. इबेरिकोच्या तंगडीला प्लॅस्टिकची रंगीत पट्टी असते आणि २०१४ च्या नियमापासून रंग ठरलेले आहेत. काळी म्हणजे शंभर टक्के इबेरिको जातीचा, ओकच्या फळांवर चरलेला. लाल म्हणजे तीच फळं खाल्लेला पण जात मिश्र. हिरवी म्हणजे मोकळ्यावर फिरलेला, खाद्यावर वाढवलेला. पांढरी म्हणजे गोठ्यात खाद्यावर. दुकानदार कापतोय त्या तंगडीची पट्टी बघा, मागे टांगलेल्यांची नाही. "पालेता" लिहिलं असेल तर ती पुढची तंगडी, लहान आणि स्वस्त, वाईट नाही पण हामोनच्या भावाने घेऊ नका. शंभर ग्रॅम हाताने कापून मागा, फ्रिजमधून काढून लगेच खाऊ नका, चरबी जरा घाम फुटल्यासारखी चकाकली की मग.

*मासळी.* मालवणी, आगरी, कोळी मंडळींना इथे घरी आल्यासारखं वाटेल, काबाया म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, कालामार माकुल, आल्मेहास तिसऱ्यांच्या जातीतल्या. पाटीवर जात, पकडलेला की मत्स्यशेतीचा, आणि समुद्राचा नंबर लिहिलेला असतो. २७ म्हणजे ईशान्य अटलांटिक, ३७ म्हणजे भूमध्य. ५१ दिसलं तर तो पश्चिम हिंदी महासागर, म्हणजे आपला अरबी समुद्रही त्यात येतो, एवढ्या लांब जाऊन आपल्याकडचीच कोळंबी घेण्यात काय मजा. "देस्कोन्हेलादो" म्हणजे आधी गोठवून वितळवलेलं, ते पुन्हा फ्रीझरमध्ये टाकू नका.

साफ करून देतात, त्याचे वेगळे पैसे नसतात. कालवणाला हवे असतील तर "एन रोदाखास", म्हणजे तुकडे. आणि डोकं हवं असेल तर आधीच सांगा, "ला काबेसा ताम्बिएन", नाहीतर बोलेपर्यंत ते बादलीत गेलेलं असतं.

चेक: गिल लाल, डोळे वर आलेले, शिंपले मिटलेले. हे आपल्याला शिकवायला नको, फक्त इथे बोटाने दाबून बघायचं नाही, नजरेने बघायचं.

टप्पा ८: मार्केटमधल्या बारवर खाणं

अकराच्या आसपास बार सगळ्यात मोकळे असतात. दोन ते साडेतीन हे स्पॅनिश जेवण, तेव्हा जागा मिळत नाही. साडेबाराला "लंच" शोधणाऱ्यांना तसंच मिळतं, टुरिस्टांसाठी ठेवलेलं गरम केलेलं. व्हॅलेन्सियात दहा-साडेदहाला "आल्मुएर्सो" करायची पद्धत आहे, मोठा बोकादियो (लांब पावाचं सँडविच), बाजूला ऑलिव्ह आणि शेंगदाणे, शेवटी रम जाळून केलेली कॉफी. पूर्ण बोकादियो हा एका माणसाचा नसतो, म्हणजे त्यांच्यासाठी असतो, आपण अर्धा मागावा.

उभं राहून खायचं असेल तर काउंटरला जागा धरा आणि नजरानजर होईपर्यंत थांबा. मोठी प्लेट "रासिओन", निम्मी "मेदिया रासिओन". दोघांनी दोन अर्ध्या घ्या, आवडलं तर तिसरी. पैसे सगळं खाऊन झाल्यावर, "ला कुएन्ता, पोर फावोर". टिपची सक्ती नाही.

सांतियागोच्या आबास्तोसमध्ये तुम्ही गाळ्यावरून घेतलेले शिंपले-खेकडे तिथेच शिजवून देणारी सोय आहे, शिजवण्याचे वेगळे पैसे घेतात. आधी शिजवणाऱ्याकडे जाऊन जागा आणि दर विचारा, मग मासळी घ्या. उलट केलंत तर हातात खेकडे आणि तासाची वाट.

व्हिनेगरमधले बोकेरोनेस कच्च्या माशाचेच असतात. हॉटेल-बारवाल्यांना असे मासे आधी उणे २० अंशाला किमान २४ तास गोठवणं बंधनकारक आहे, त्यामुळे बारवर खायला हरकत नाही. घरी स्वतः करायचा प्रयोग मात्र न गोठवता करू नका.

आता व्हेज लोकांसाठी, कारण इथे नुसतं "सोय वेखेतारियानो" म्हणून भागत नाही. बऱ्याच जुन्या बारवाल्यांच्या हिशेबात ट्यूना आणि हामोनचे बारीक तुकडे म्हणजे मांस नव्हेच. नावं घेऊन सांगा: "सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून, सिन पेस्कादो". बिनधास्त खाण्यासारखं: टोमॅटो चोळलेला ब्रेड, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या (मधेच एखादी झणझणीत निघते), गास्पाचो (टोमॅटोचं थंड सूप), अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट. कांदा नको असेल तर "सिन सेबोया" आधी सांगा, तोर्तिया आधीच केलेली असते, त्यातून काढता येत नाही. विचारून खाण्यासारखं: साल्मोरेहो (टोमॅटोचं दाट थंड सूप), वर हामोन आणि अंडं घालतात. क्रोकेता (तळलेले छोटे रोल), बहुतेक वेळा आत हामोन. मसूर-छोल्यांचे रस्से, त्यात चोरिसो (डुकराचं सॉसेज) असतोच असं धरून चाला. गोड पदार्थांतही पोल्वोरोन, मान्तेकादो आणि मायोर्काची एन्साइमादा यांत पारंपरिक रीतीने डुकराची चरबी असते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. गोमांस टाळायचं असेल तर "तेर्नेरा" हा शब्द लक्षात ठेवा.

व्हॅलेन्सियाची ओर्चाता दुधासारखी दिसते पण दूध नाही, चुफा नावाच्या छोट्या कंदापासून करतात, उपवासाला चालते का ते तुमच्या घरच्या नियमांवर.

टप्पा ९: पॅकिंग आणि परतीचं विमान

चीज आणि हामोन परत न्यायचा असेल तर घेतानाच "आल बासिओ" सांगा, व्हॅक्युम पॅक करून देतात. पण आधी कुठे जायचंय ते बघा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी लोकांनी हे नीट वाचा: १२ एप्रिल २०२५ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये युरोपियन युनियनमधून गाय, मेंढी, बकरी, डुकराचं मांस आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानात आणायला बंदी आहे. एअरपोर्टच्या ड्युटी-फ्रीमधून सीलबंद घेतलं तरीसुद्धा. हामोनचं सँडविचसुद्धा विमानातच संपवा.

भारतात येताना कस्टम्सच्या फॉर्मवर मांस, मासे, पोल्ट्री आणि दुधाचे पदार्थ वेगळे विचारलेले असतात. त्यामुळे हामोन-चीज तिथेच खाऊन या, पिशवीत केशर, पिमेंतोन, सुकवलेल्या न्योरा मिरच्या, बदामाचं तुर्रोन आणा. तुर्रोनमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, लेबल बघून घ्या.

ऑलिव्ह तेल चेक-इन बॅगेत, आणि काचेच्या बाटलीपेक्षा पत्र्याचा डबा घ्या, तेल त्यात उजेडापासूनही वाचतं. पाण्यातले ऑलिव्ह हॅन्डबॅगेत टाकले तर सिक्युरिटीवाले तेही द्रव पदार्थात मोजतात, ते पण खालीच. केशराची डबी मात्र हॅन्डबॅगेत ठेवा आणि बिल तिच्यासोबत.